लांब केस : टोकांना फाटे, मानेवर गुंता

मोगरकळी:
कंबरेपर्यंत किंवा त्याखाली पोचलेल्या केसांसाठी हा धागा. केसगळती, कोंडा, पांढरे केस यांवर इथे ढिगाने धागे आहेत, ते विषय कृपया तिकडेच. इथे फक्त टोकांना फुटणारे फाटे आणि मानेपाशी रोज होणारा गुंता.

केसांचा तपशील: सरळ ते किंचित नागमोडी, मध्यम जाड, रंग-मेंदी काही नाही. पाणी बोअरचं. आठवड्यातून दोनदा न्हाणं, आदल्या रात्री खोबरेल. दिवसा एक वेणी, रात्री मोकळे.

१. फाटे थांबवता येतात, की दर तीन महिन्यांनी कापत राहणं एवढाच उपाय?
२. गुंता नेमका मानेवरच का होतो?
३. विंचरायचं ओलं असताना की वाळल्यावर? दोन्ही बाजूंनी छातीठोक सल्ले मिळतात.

रसायनी:
आधी फाटा का फुटतो ते. केसाच्या बाहेरून खवल्यांचं आवरण असतं. एकावर एक सहा ते आठ थर, घराच्या कौलांसारखे, उतार मुळाकडून टोकाकडे. आत प्रथिनांचे लांब तंतू. कौलं शाबूत आहेत तोवर तंतू बांधलेले राहतात. ती झिजली की सुंभाचं टोक पिंजतं तसे ते सुटतात. तोच फाटा.

आता हिशेब. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. लांबी ८० सेमी धरली तर टोकाचा भाग पाच-सहा वर्षांपूर्वी डोक्याबाहेर आलेला असतो. आठवड्याला दोन म्हणजे पाचशेहून जास्त न्हाणी आणि दोन हजार दिवसांचं विंचरणं त्याने सोसलेलं असतं. केस मेलेला असतो, स्वतःची डागडुजी करत नाही. फाटा जुळवतो म्हणून मिळणारं सीरम बहुतेक सिलिकोनचं असतं. ते दोन फाके एकमेकांना चिकटवून ठेवतं, पुढच्या न्हाण्यापर्यंत.

म्हणून गुंता आणि फाटा ही दोन दुखणी समजू नका. खवले उचकटलेला केस शेजारच्यात अडकतो, तो गुंता. गुंता ओढून सोडवला की आणखी खवले जातात, तिथे फाटा. फाटा फुटलेलं टोक पुन्हा आकड्यासारखं कुठेतरी अडकतं. हे चक्र तोडायची सर्वात सोपी जागा म्हणजे कंगवा. तेल आणि शांपूची चर्चा त्यानंतर.

टक्कलप्रमुख:
आमच्याकडे गेली कित्येक वर्षं फाटा नाही, गुंता नाही. पद्धत विचारू नये.

कातरकाम:
रसायनी +१. आता कापण्याबद्दल. तीन महिन्यांत केस साडेतीन सेमीच्या आसपास वाढतो. एक सेमी कापलं तरी अडीच सेमी हातात राहते. पार्लरमध्ये ‘जरासं’ म्हटलं की बोटभर जातं, म्हणून तोंडाने सांगण्यापेक्षा बोटाच्या नखाएवढं असं दाखवून द्यावं.

कापलं नाही तर काय होतं? फाटा वर सरकतो. आज टोकाला ५ मिमीचा असलेला फाटा कंगव्याच्या ओढीने वर चिरत जातो, मग सेमी-दीड सेमीच्या जागी पाच सेमी कापावे लागतात. शिवाय चिरलेले फाके तुटून पडतात आणि वेणीचं शेपूट उंदराच्या शेपटासारखं होतं.

मधल्या काळात शोधकापणी करावी. दिवसाउजेडी खिडकीपाशी बसायचं, मांडीवर पांढरं कापड. करंगळीएवढी बट घेऊन टोकं पांढऱ्यावर पसरायची आणि फाटा दिसेल तो एकेक केस, फाटा सुरू होतो त्याच्या अर्धा सेमी वर, आडवा सरळ कापायचा. तिरका काप नको, तिरप्या टोकाची धार पातळ होते आणि तिथूनच पुन्हा पिंजतं. कात्री केसांचीच. कागद, पाकिटं, दोरा यांवर चाललेल्या कात्रीची धार केस चेपते आणि चेपलेलं टोक हा तयार फाटाच.

रेझरने कापलेले लेयर्स लांब केसांना घेऊ नका. पातळ, तिरकी टोकं, तीही डोकंभर.

चिमटाबाई:
बट पिळली की फाटे बाहेर उभे राहतात, मग वरवर कात्री फिरवायची. ही पद्धत चांगली ना? निम्म्या वेळात होतं.

कातरकाम:
बाहेर उभे राहतात ते सगळे फाटे नसतात. नवे वाढणारे आखूड केसही तसेच उभे राहतात, तेही कापले जातात आणि तिरके जातात. फाटे मधल्या लांबीत फारच असतील तर करा, दर आठवड्याला नको.

आणि फाटा नखाने ओढून सोलायची सवय असेल तर ती आधी सोडा. एका सोलण्यात दहा सेमी केस जातो.

इंद्रायणीकाठ:
प्रश्न ३ साठी. सरळ-नागमोडी केस न्हाण्याच्या आधी, कोरडे असताना पूर्ण विंचरून घ्यायचे. तेल लावलेले असतील तर उत्तमच. गुंत्यासकट डोक्यावर पाणी ओतलं की गुंता आवळतो.

पद्धत अशी:
मधोमध भांग, मग कानामागून आडवा, असे चार भाग. तीन बांधून ठेवायचे.
एका भागाचं टोक हातात घ्यायचं आणि शेवटच्या पाच सेमीतून कंगवा काढायचा. तो अडखळेनासा झाला की पाच सेमी वर. असं मुळापर्यंत.
अडखळला की थांबायचं. अडलेल्या जागेच्या वर केस मुठीत घट्ट धरायचे, म्हणजे ओढ मुळाला लागत नाही. मग कंगव्याचे कोपऱ्यातले एक-दोन दात वापरून गुंत्याच्या खालच्या कडेपासून मोकळं करायचं.
वरून खाली एका दमात कंगवा ओढला की वरचे सगळे छोटे गुंते खाली सरकत एकाच जागी गोळा होतात. तो ‘टक्’ असा जो आवाज येतो ना, तो केस तुटण्याचा असतो.

कंगवा रुंद दातांचा, सागवानी किंवा शिसवी. प्लास्टिकचा घ्यायचाच तर दातांच्या कडेवरून नख फिरवून बघा. साच्याच्या दोन अर्ध्या भागांची शिवण नखाला लागली तर तो परत ठेवा. ती शिवण प्रत्येक फेरीला खवले तासते. दाट दातांची फणी उवांसाठी, रोजच्या विंचरण्यासाठी नव्हे. टोकाला गोळे असलेले ब्रश तर अजिबात नको, गोळा आणि गादीच्या फटीत केस अडकतो.

कुरळी:
इथे जोरदार असहमती. कुरळे केस कोरडे विंचरले तर वळण मोडतं आणि केस कापसासारखा पिंजतो. आमच्या केसांना ओलं असताना, भरपूर कंडिशनर लावून, आधी बोटांनी आणि मग रुंद कंगव्यानेच सोडवायचं असतं.

इंद्रायणीकाठ:
धागाकर्तीचे केस सरळ आहेत हो. पण मुद्दा मान्य.

रसायनी:
दोघी बरोबर आहात, कारण एकच आहे. केस भिजला की पाणी पिऊन जाडीने पंधरा टक्क्यांच्या आसपास फुगतो, खवल्यांच्या कडा वर उचलल्या जातात आणि केस रबरासारखा ताणला जातो. कोरड्यापेक्षा बराच जास्त ताणतो आणि मर्यादा ओलांडली की परत येत नाही. म्हणून नुसत्या पाण्याने ओल्या केसात कंगवा वाईट.

कंडिशनर मध्ये आला की गणित बदलतं. त्यातले धनभारित रेणू झिजलेल्या, ऋणभारित जागी जाऊन चिकटतात आणि घर्षण एकदम उतरतं. कुरळ्या केसाला कोरडं असताना प्रत्येक वळणावर अडथळा असतो, म्हणून त्याला ओलं आणि बुळबुळीत बरं. सरळ केसाला कोरडं असताना अडथळा कमी, म्हणून त्याला कोरडं बरं. न्हाल्यावर सरळ केस ऐंशी टक्के वाळू द्या, मग कंगवा.

मोगरकळी:
हे कळलं, धन्यवाद. कंडिशनर किती आणि कुठे? आणि घरातला एखादा पर्याय?

कुरळी:
कानाच्या पातळीच्या खालीच. कंबरेपर्यंतच्या केसांना पोह्यांच्या चमच्याने दीड-दोन चमचे. आधी केस हलके पिळून पाणी काढायचं, नाहीतर कंडिशनर पाण्याबरोबरच निघून जातं. दोन-तीन मिनिटं ठेवून धुवायचं.

घरातला पर्याय जवसाचा: दोन मोठे चमचे जवस, दोन कप पाणी, मंद आच, सतत ढवळायचं. सात-आठ मिनिटांत अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटते. तिथेच बंद करायचं आणि गरम असतानाच गाळायचं. गार झालं की तो गोळा कुठल्याच कापडातून उतरत नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. बुळबुळीसाठी जास्वंदीची पानंही चालतात: पंधरा-वीस पानं दोन कप पाण्यात चुरडून गाळायची.

अंडं लावणाऱ्यांसाठी: अंड्यातलं प्रथिन केसाच्या आत शिरत नाही, रेणू फार मोठा. वर गरम पाणी ओतलं की डोक्यावर भुर्जी.

टक्कलप्रमुख:
कांदा-मिरची सोबत घ्यावी.

पाणपोई:
बोअरच्या पाण्याचा मुद्दा सगळ्यांनी सोडला. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसांवर बसतात, साबण वापरला तर त्यांची चिकट साय होते आणि केस एकमेकांना घासून आवाज करतात. साबणाची वडी केसांना नकोच.

न्हाऊन झाल्यावर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा (१५ मिली) पांढरा व्हिनेगर घालून ते लांबीवरून ओतायचं, मिनिटभराने साधं पाणी. आम्लाने क्षार सुटतात आणि खवले बसतात. अर्धं लिंबूही चालेल, पण गाळून. लिंबाचे रेशे केसात अडकले की नवा गुंता, आणि लिंबाचं पाणी केसात ठेवून उन्हात बसू नका, रंग उतरतो.

चिमटाबाई:
आरओचं वाया जाणारं पाणी त्यासाठी वापरता येईल की!

पाणपोई:
नेमकं उलटं. आरओ गोडं पाणी नळाने देतो आणि सगळे क्षार त्या टाकाऊ पाण्यात सोडतो. ते बोअरपेक्षाही जड. फरशी पुसायला ठीक. शेवटच्या धुण्यासाठी गोड्या पाण्याचे दोन तांबे राखून ठेवा, तेवढे पुरतात.

शिकेकाईवाल्यांसाठी: पूड थेट डोक्यावर घालू नका. कितीही बारीक दळली तरी ती कणदार असते, केस घासते आणि कण मानेपाशी अडकून राहतात. तीन मोठे चमचे पूड तीन कप पाण्यात उकळायची आणि मलमलच्या दुहेरी कापडातून गाळायची. मेंदीलाही तोच नियम, वस्त्रगाळ करूनच भिजवायची.

कऱ्हामाई:
तेल! इतके प्रतिसाद झाले आणि खोबरेलाचं कोणी नीट बोललंच नाही.

खोबरेलातलं लॉरिक आम्ल सरळ आणि आखूड साखळीचं असल्याने केसाच्या आत शिरतं. मुंबईच्या मॅरिकोतल्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातून वाहून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने कमी झालं, न्हाण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी.

रसायनी:
खोबरेल विकणाऱ्या कंपनीने केलेला प्रयोग, हे लक्षात ठेवून वाचायचं. तरी निष्कर्षामागचं कारण पटण्यासारखं आहे. तेल आत बसलं की केस कमी पाणी पितो, कमी फुगतो.

कऱ्हामाई:
मान्य. प्रमाण सांगते. न्हाण्याआधी किमान दोन तास, लांबीसाठी दोन छोटे चमचे, म्हणजे १० मिली. टोकांच्या शेवटच्या वीतभराला त्यातलं निम्मं. टाळूवर चोळून केसांचा घोळ करायचा नाही, बोटांच्या टोकांनी टाळू आणि तळव्यांनी लांबी, वरून खाली. न्हाल्यावर टोकांना चार-पाच थेंब, तेही केस दमट असताना. जास्त झालं तर धूळ धरतं आणि धूळ म्हणजे पुन्हा घासणं. थंडीत तेल गोठतं, तेव्हा बाटली गरम पाण्यात उभी करायची, तेल थेट आचेवर ठेवायचं नाही.

काहींचे केस खोबरेलाने काडीसारखे कडक होतात. त्यांनी तिळाचं किंवा बदामाचं बघावं.

चिमटाबाई:
आणि एरंडेल? घनदाट होतात म्हणे.

कऱ्हामाई:
लांब केसांच्या लांबीवर एरंडेल लावू नये. ते फार घट्ट आणि चिकट असतं. २०१७ मध्ये इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजीमध्ये भारतातलीच एक नोंद आली: खोबरेल आणि एरंडेल एकत्र लावून लांब केस धुतले आणि सगळे एका दगडासारख्या गोळ्यात जमले. कापावे लागले. लावायचंच तर टाळूला, चार-पाच भाग खोबरेलात एक भाग, आणि धुताना केस डोक्यावर गोळा करून चोळायचे नाहीत. केस खाली सोडून फेस खाली ओघळू द्यायचा.

रसायनी:
लोकर मळून नमदा, म्हणजे दाबून घट्ट झालेलं लोकरी कापड, होतो तीच क्रिया. खवल्यांची दिशा एक असल्याने चोळलं की प्रत्येक केस मुळाच्या दिशेने पुढे सरकतो, मागे येत नाही.

दाभण:
अवांतर, पण तितकं अवांतर नाही. जट होते तीही अशीच. तेल, मळ, उवा, महिनोन्‌महिने न विंचरणं. त्यात काही दैवी नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते समजावून, घरच्यांची भीती घालवून जट काढून देतात. बायका ते ओझं मानेवर वर्षानुवर्षं वागवतात, नीट झोपताही येत नाही. जुनी जट सुटत नाही, कापावीच लागते. पण आठ-पंधरा दिवसांचा गोळा असेल तर सुटतो:

पाणी लावायचं नाही. खोबरेल किंवा सिलिकोनचं सीरम गोळ्यात मुरवून अर्धा तास ठेवायचं. मग बाहेरच्या कडेने, मधून नव्हे, चार-पाच केस बोटांनी ओढून वेगळे करत जायचं. बोट शिरत नाही तिथे बोथट दाभण किंवा विणायची बारीक सुई. सुटलेले केस लगेच बाजूला चिमट्यात अडकवायचे, नाहीतर ते पुन्हा आत जातात. तासभर धरून चाला. दमलात तर उद्या.

एकाच केसाला आपोआप पडणारी बारीक गाठ वेगळी. ती कुरळ्यांना जास्त. सोडवत बसू नये, गाठीच्या वर कापावी. कंगव्यात अडकली तर केस तिथूनच तुटतो आणि टोक फाटकं राहतं.

टक्कलप्रमुख:
धागाकर्तीने फाट्यांचा धागा काढला आणि धाग्यालाच फाटे फुटले. हलके घ्या.

मोगरकळी:
फुटू देत, जटेचं वाचून बरं वाटलं. पण प्रश्न २ अजून तसाच आहे! मानच का?

इंद्रायणीकाठ:
कारण केस तिथेच सगळ्यात जास्त घासतात. उशी, कॉलर, ओढणी, गाऊनचं लेबल, हेल्मेटची मागची कड, गळ्यातल्या साखळीचा आकडा. शिवाय तिथला घाम आणि मुळाजवळचे आखूड केस. वरचा भाग आरशात दिसतो म्हणून रोज विंचरला जातो, मानेवरचा खालचा थर कंगव्याला लागतच नाही. म्हणून विंचरताना वरचा अर्धा भाग चिमट्याने बांधून ठेवा आणि खालच्या थरापासून सुरुवात करा.

रात्री मोकळे केस हे तुमच्या गुंत्याचं निम्मं कारण आहे. सैल वेणी घाला, मानेवर नव्हे तर कानाच्या पातळीपासून सुरू, टोकाला बोटभर केस सोडून कापडी बंद. सुती अभ्रा केस ओढतो, सॅटिनचा किंवा जुन्या रेशमी साडीचा शिवून घ्या. जरीचा काठ आत दुमडून.

दुचाकीवर वेणी सदऱ्याच्या आत. ओढणीने नुसतं झाकून उपयोग नाही, वारा खालून शिरतो. दिवसभर बाहेर असाल तर अंबाडा: पीळ घालायचा, गुंडाळायचा, लाकडी काटा. धातूच्या पिनांच्या टोकावरचं प्लास्टिकचं बोंड निघालेलं असेल तर ती पिन फेकून द्या.

चिमटाबाई:
आणि न्हाल्यावर डोक्याला टॉवेल बांधून दोन तास कामं करणं?

रसायनी:
नको. जाड टर्किश टॉवेलच्या फासात केस अडकतात आणि वजनाने कपाळाजवळचे तुटतात. जुना पंचा घ्या, केस मुठीत धरून दाबा, चोळू नका, झटकू नका. आपल्याकडे न्हाल्यावर पंच्याने सपासप केस झटकतात, तो आवाज ऐकायला छान पण ओल्या केसाला तो चाबूक आहे.

फार वेळ ओलं राहणंही चांगलं नाही. कोरियातल्या २०११ च्या एका प्रयोगात १५ सेमी अंतरावरून, सतत हलवत ठेवलेल्या ड्रायरने झालेलं नुकसान ५ सेमीवरून वाळवण्यापेक्षा बरंच कमी होतं. आणि आपोआप वाळू दिलेल्या केसांत खवल्यांमधला सांधा फुगलेला दिसला, जो ड्रायरच्या केसांत दिसला नाही. म्हणजे लांब, दाट केस तीन-तीन तास ओले राहत असतील तर लांबून कोमट वारा किंवा पंखा बरा. इस्त्री मात्र ओल्या केसाला कधीच नाही. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे पडतात आणि तिथून तो मोडतो.

मोगरकळी:
म्हणजे माझ्यापुरतं: न्हाण्याआधी कोरडे विंचरणं, १० मिली खोबरेल, व्हिनेगरचं पाणी, पंचा, रात्री वेणी, आणि दर तीन महिन्यांनी एक सेमी. आता जे फाटे आहेत ते?

कातरकाम:
पहिल्या वेळी दोन-तीन सेमी सलग घ्या, खालची कड साफ होईल. कोरडे असतानाच कापा. ओला केस ताणलेला असतो, वाळल्यावर कड वर जाते आणि वाकडी दिसते. त्यानंतर एक सेमी. चौथ्या महिन्यात फाटे अर्ध्यावर आले नाहीत तर कंगवा तपासा, तेल नव्हे.

आणि मुळापासून चार-पाच सेमीवरच पांढरे ठिपके दिसून केस तिथे मोडत असतील तर ते यातलं कशानेच जायचं नाही, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

मोगरकळी:
ठिपके नाहीत. सागवानी कंगवा मागवला. तो धुवायचा कसा?

इंद्रायणीकाठ:
भिजत ठेवायचा नाही, लाकूड फुगून दातांना चिरा जातात आणि त्या चिरेत केस अडकतो. आठवड्यातून एकदा जुन्या टूथब्रशला शांपूचा थेंब लावून दातांमधून फिरवा, लगेच पुसा, सावलीत वाळवा, मग तेलाचं बोट फिरवा. पहिल्यांदा वापरायच्या आधीही तेल लावून रात्रभर ठेवा.